बिनतोंडाची पोरगी

धनश्रीने चित्रांचे कागद जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले, आणि सुनंदाने पदराला हात पुसत पहिला प्रश्न विचारला तो हा: "माझं तोंड कुठं आहे?"

प्रश्न अगदी रास्त होता. कागदांवर सुनंदाचं माहेर रामाकोना होतं, आणीबाणीतलं. कवेलूच्या छपरांची घरं होती, संत्र्याचे बगीचे होते, पोळ्याला सजून उभ्या बैलजोड्या होत्या. आणि प्रत्येक चित्रात दोन वेण्यांची, आठेक वर्षांची एक पोरगी होती. डोळे मोठ्ठाले, नाक नकटं, फ्रॉकला लोंबणारा खिसा. नाकाखाली मात्र कोरा कागद.

"काढायचं राहून गेलं का?"

"राहून नाही गेलं आई. मुद्दाम."

"मुद्दाम? मी काय मुकी होती का वं?"

"ते तूच सांग," धनश्री म्हणाली, आणि चहा ओतायला उठली. ही पोरगी अशीच. बापासारखी शांत बोलते आणि आजोबासारखं नेमकं टोचते.

धनश्री ही सुनंदाची एकुलती एक लेक. नागपुरात चित्रकला शिकली, तिथंच लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. गेल्या वर्षापासून तिच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं: आईच्या लहानपणाचं पुस्तक करायचं, आणि ते सगळं चित्रांतून सांगायचं. सुनंदाला आधी हसूच आलं. तुरुंगात गेले ते बाबा. आपण तर तिसरीत होतो, आपलं काय पुस्तक होणार? धनश्री म्हणाली होती, "तुरुंगात गेलेल्यांनी लिहून ठेवलं आहे गं. तिसरीतल्या पोरीनं नाही लिहिलं."

मग काय, वर्षभर फोनवर सुनंदा सांगत गेली. बाबांना नेल्यावर मायने रेडिओ कसा कपड्यांच्या पेटीत ठेवला. शेजारची गंगाकाकू विरजण मागायला दिवसातून दोनदा यायची, ती समोरच्या रस्त्यानं जायची सोडून मागच्या बोळातून कशी जायला लागली. शाळेत बाजूला बसणारी मैत्रीण हळूच सरकून दुसऱ्या तरटपट्टीवर कशी बसली. मोठी माणसं बोलत असली आणि पोरं आली की कशी एकदम पावसापाण्याच्या गप्पा सुरू व्हायच्या, भर उन्हाळ्यातसुद्धा! लेकीनं ते सगळं जसंच्या तसं काढलं होतं. बाबांना न्यायला आलेली जीप मात्र घरांपेक्षा मोठी काढली होती, आणि त्यावरून सुनंदा मास्तरणीसारखी बोललीच, "प्रमाण चुकलं तुझं."

"तुला केवढी वाटली होती?"

सुनंदानं कागद जवळ ओढला. "एवढीच," ती म्हणाली.

पुढचा कागद पाहिला आणि तिला राग आला. पांढुर्ण्याच्या शाळेतला तिचाच वर्ग होता तो, आजचा. सगळी मुलं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेली. फळ्यासमोर साडीतली बाई. बाईलाही तोंड नव्हतं.

"हे काढून टाक," ती म्हणाली. "ही शिस्त आहे. मी काय पोरांवर आणीबाणी लावून राहिली का?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"म्हटलं नाही, काढलं."

खरं सांगायचं तर सुनंदा बाई वाईट शिक्षिका नव्हती. मुलांना जीव लावणारी होती. पण नोकरीच्या इतक्या वर्षांत "हाताची घडी, तोंडावर बोट" हे तिनं जितकं म्हटलं असेल तितकं रामाचं नाव घेतलं नसेल. घरातही तेच. कोणी जरा आवाज चढवला की हिचा पहिला शब्द "हळू". भाजीवाल्याशी भांडणसुद्धा हळू. नवरा सुरेश थट्टेनं म्हणायचा, आमच्या घरी भिंतींना कान नाहीत, पण सुनंदाला वाटते आहेत.

शेवटचा कागद धनश्रीने जपून पुढे केला. पोळ्याचा होता. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली बैलजोड्या, आणि मधोमध कमरेवर हात ठेवून उभे भगवंतराव, सुनंदाचे बाबा, ऐन तिशीतले. त्यांच्या तोंडातून निघालेला भला मोठा फुगा रिकामा होता.

"इथं झडती पाहिजे," धनश्री म्हणाली. "पोळा झाला की पुस्तक छापायला जाईल. आबांनी काय म्हटलं होतं त्या दिवशी?"

"मला नाही आठवत."

खोटं! साफ खोटं! तिला अक्षर न् अक्षर आठवत होतं.

आता ज्यांच्याकडे पोळ्याला झडत्या नसतात त्यांच्यासाठी सांगायला पाहिजे. आमच्याकडे तोरण तुटून पोळा फुटायच्या आधी गावातले हुशार तोंडाचे गडी पुढे येतात आणि यमक जुळवून टोमणे मारतात. पाटलाला मारतात, सरकारला मारतात, महादेवालाही सोडत नाहीत. त्या दिवशी सगळं माफ असते. शेवटी म्हणणारा ओरडतो, "हर बोला!" आणि अख्खा जमाव एका आवाजात जबाब देतो, "हर हर महादेव!" तो जबाब आला की झडती लागली. जबाब नाही आला तर ती हवेतच राहिली, देणाऱ्याच्या तोंडावर दार लावल्यासारखी.

भगवंतराव झडतीतला बादशहा. त्या वर्षी गावोगाव जीप फिरत होती. नसबंदीच्या 'केसा', म्हणजे माणसं, पाहिजे होत्या, गोऱ्हा ठेचून खच्ची करतात तसं माणसांचं झालं होतं, आणि जीपचा आवाज आला की बाप्ये माणसं तुरीत जाऊन लपायची. बोलायची सोय नव्हती. जो बोलला तो उचलला, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. पोळ्याच्या दिवशी जीपमधले साहेब स्वतः पाहुणे म्हणून खुर्चीत बसलेले. भगवंतरावांना बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "औंदा तोंड शिवून ठेवा." ते मान हलवून "हाव" म्हणाले, आणि तोरणाखाली जाऊन जे बोलायचं ते बोललेच.

आणि मग "हर बोला!" म्हणाले.

कोणी बोललं नाही. एवढा मोठा जमाव, पण सगळे आपापल्या बैलांच्या शिंगांकडे बघायला लागले. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. भगवंतरावांनी दुसऱ्यांदा म्हटलं, "हर बोला." त्यांचा आवाज जरा पडला होता.

बायकांच्या घोळक्यात मायच्या शेजारी उभी असलेली सुनंदा तेव्हा ओरडली. तिला वाटलं, लोक विसरले. "हर ह..." एवढंच निघालं, आणि मायचा हात तिच्या तोंडावर आला. हाताला पुरणाचा, वेलचीचा वास होता. माय थरथर कापत होती. तो हात जरा सैल पडला तो घरी आल्यावरच.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार. जाम नदीच्या दोन्ही काठांवर पांढुर्णा आणि सावरगावची माणसं उभी राहून एकमेकांना गोटे मारतात, डोकी फुटतात, देवीचं नाव घेऊन पुन्हा मारतात. काय म्हणावं या मुलखाला! गोटे मारायला हजारो हात निघतात आणि तीन शब्द बोलायला एक तोंड निघालं नाही. गोटमारीचा बंदोबस्त आटोपला, पोलीस रिकामे झाले, आणि जीप भगवंतरावांना न्यायला आली.

ते गेल्यावर माय सुनंदाला गोठ्यात घेऊन गेली. तिथं खुंटीला मुसकी टांगलेली होती, डवरताना बैलांनी पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधायची. "ते बोल कोणासमोर काढले," ती म्हणाली, "तं माह्यं मेलं तोंड पाहशीन." पोरीनं मान हलवली. माय गेली त्याला आता सहा वर्षं झाली. सुनंदानं तिचं मेलेलं तोंड पाहिलं, आणि तेही शब्द न मोडता.

भगवंतराव आणीबाणी उठल्यावर परत आले, संत्र्याला आंबिया बहार आला होता तेव्हा. गावानं हार घातले, गुलाल उधळला. त्यांनी हार घालून घेतले. पण झडती पुन्हा कधी म्हटली नाही. लोकांना वाटायचं, तुरुंगात फार मारलं असेल. सुनंदालाही तेच वाटायचं. मग एकदा, माय गेल्यानंतरच्या वर्षी, बगीच्याच्या धुऱ्यावर बाप-लेक संत्री सोलत बसले असताना ते आपण होऊन म्हणाले, "तुरुंगाचं मले काई नाई वाटलं, पोरी. तिथं तं मस्त गप्पा चालायच्या. पण मी हर बोला म्हटलं अन् माह्या गावात एक माणूस बोलला नाई. एक पोट्टंही नाई. ते मले रोज आठवते."

सुनंदाच्या तोंडात संत्र्याची फोड होती. ती गिळेपर्यंत बाबांनी दुसरा विषय काढला. आता सांगू, मग सांगू, असं करत ती घरी परतली. मायची आण आठवली, आणि आणेपेक्षाही जुनी एक सवय होती, ती आडवी आली. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढच्या खेपेला तिनं लोणच्याची बरणी नेली आणि सांगायचं तसंच राहिलं. असं करता करता गेल्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कळतं सगळं, शब्द निघत नाही. भाऊ कुलदीप फोनवर म्हणाला होता, हनुमान जयंतीच्या आरतीत बाबांचे ओठ हलले, थोडा सूरही निघाला, पण आरती संपली आणि पुन्हा बंद. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाठ असलेलं कधी कधी निघतं, म्हणून घरच्यांनी बोलत राहा.

म्हणून हा रिकामा फुगा सुनंदाच्या घशात अडकला होता. छापखान्याचं तिला काही नव्हतं. तिकडे रामाकोन्यात बाबा दिवसेंदिवस थकत होते, आणि आपल्याला कोणीच जबाब दिला नाही हे मनात घेऊनच ते जाणार होते. ते खोटं आहे हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते माणूस टेबलाशी बसून "मला नाही आठवत" म्हणत होतं.

दुकानातून जेवायला आलेल्या सुरेशनं चित्रं पाहिली, वाहवा केली, मग हात धुता धुता म्हणाला, "छान आहे. पण नाव-गाव कशाला टाकता? आपल्या कापडाच्या दुकानात सगळ्या पार्ट्यांचे लोक येतात. आजकाल कोणाला काय लागेल, सांगता येते का?"

"बघ," सुनंदा लेकीला म्हणाली, "तुझे बाबापण तेच म्हणून राहिले."

"म्हणूनच काढून राहिली आहे मी," धनश्री म्हणाली. आवाज शांतच होता, पण कागद गोळा करताना हात जोरात आपटत होते.

पोळ्याला मायलेकी पांढुर्ण्याहून सौसरमार्गे रामाकोन्याला गेल्या. कुलदीपकडे ट्रॅक्टर आहे, तरी बाबांच्या हौसेसाठी एक जोडी ठेवली आहे. जोडी धुऊन, शिंगं रंगवून अंगणात आणली होती. भगवंतराव ओसरीवर खुर्चीत बसलेले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. नातीला पाहून डोळे हसले. "आबा, तुमचं चित्र आणलं," धनश्री म्हणाली, आणि सुनंदा नको नको म्हणेपर्यंत तिनं पोळ्याचा तो कागद त्यांच्या मांडीवर ठेवलासुद्धा.

भगवंतराव कागदावर वाकले. डाव्या हाताचं बोट तोरणावर ठेवलं, मग बैलांवर. स्वतःच्या चित्रावर आले तेव्हा घशातून हसल्यासारखा आवाज काढला. फुग्यावर बोट फिरवलं. मग ते बोट गर्दीवर गेलं. धनश्रीने गर्दी काढली होती ती सगळी खाली मान घातलेली. भगवंतराव एकेका माणसावर बोट ठोकत गेले. हा नाही. हा नाही. हाही नाही. ठोकत ठोकत बायकांच्या घोळक्यापर्यंत आले, तिथल्या बिनतोंडाच्या पोरीवरही तसंच बोट ठोकलं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

सुनंदानं ते पाहिलं. बाप आपल्यालाही त्या गप्प बसलेल्यांत मोजतो आहे! आणि मोजणारच ना, त्याला सांगितलं कोणी? ती हातातलं आरतीचं ताट खाली ठेवून खुर्चीसमोर उकिडवी बसली. माय, माफ कर, असं मनात म्हणाली. माझं मेलं तोंड पाहशीन म्हणाली होतीस, ते पाहून झालं आता. आणि ती बोलायला लागली. आधी कुजबुजत, मग हळूच, मग वर्गातल्या आवाजात:

"आंब्याचं तोरण, पळसाचा दोर,
जीप आली गावात, पळाले थोर.
ठेचलेला बैल म्हणे धन्याले हसून,
या मालक, बसा माह्या रांगेत येऊन.
मले मुसकं डवऱ्याच्या दिवसापायी,
तुमच्या तोंडचं तं सुटतच नाई!"

कुलदीप बैलाच्या अंगावर झूल टाकत होता, तो तसाच उभा राहिला. त्याचा जन्म त्यानंतरचा. घरात राहून त्यानं हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

सुनंदा तिथं थांबली. पुढचं तिचं नव्हतं. पुढचं म्हणणाऱ्याचं असतं.

भगवंतरावांचा चेहरा लाल झाला. अर्धे ओठ हलत होते, अर्धे हलत नव्हते. मान पुढे आली, गळ्याच्या शिरा ताणल्या, कुलदीप घाबरून "बाबा!" म्हणत धावला, सुनंदानं त्याला हातानंच थांबवलं. आणि त्या म्हाताऱ्या छातीतून, कित्येक महिने एक शब्द न निघालेल्या छातीतून, तुटका पण खणखणीत आवाज आला.

"हर... बोला!"

"हर हर महादेव!" सुनंदा ओरडली. अशी ओरडली की बैल बिचकले आणि कवेलूवरच्या चिमण्या उडाल्या.

त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यानं लोक आपापल्या जोड्या घेऊन तोरणाकडे चालले होते. त्यांना या घरातलं काही ठाऊक नव्हतं. पोळ्याच्या दिवशी हर बोला ऐकलं, म्हणून त्यांनीही चालता चालता जबाब दिला, "हर हर महादेव!" आणि पुढे निघून गेले. इतकं सोपं होतं ते. आणि ज्या दिवशी पाहिजे होतं त्या दिवशी इतकं अवघड होतं.

ओरडून झालं आणि सुनंदाचा हात सवयीनं आपोआप स्वतःच्या तोंडावर गेला. भगवंतरावांनी ते पाहिलं. त्यांनी डावा हात पुढे केला, तिचं मनगट धरलं, आणि तिचा हात तोंडावरून खाली ओढला. लकव्याच्या माणसाच्या हातात एवढा जोर असतो हे तिला माहीत नव्हतं.

"बाबा," ती रडत म्हणाली, "मी तेव्हाही बोलली होती. हर ह... एवढं बोलली होती. मायने तोंड दाबलं. तिले वाटलं, मलेही नेतील. मी तुम्हाले सांगितलंच नाई कधी."

मास्तरणीच्या तोंडून इतक्या वर्षांनी ठेठ गावची बोली निघाली होती. भगवंतरावांचा शब्द पुन्हा निघाला नाही, त्यांनी काढायचा प्रयत्नही केला नाही. मनगट धरूनच त्यांनी तिचा हात मांडीवरच्या चित्रावर नेला, तिचं बोट फिरवत फिरवत ती पोरगी शोधली, आणि त्या बोटानं तिच्या नाकाखालच्या कोऱ्या जागेवर हळूच गोल काढला. एकदा, मग पुन्हा एकदा. मनगट मात्र सोडलं नाही.

संध्याकाळी तोरण तुटलं, जोड्या घरोघर ओवाळून झाल्या, पुरणपोळ्या खाऊन झाल्या. ओसरीवर धनश्री कागद घेऊन बसली. फुग्यात तिनं झडती लिहून काढली होती.

"आता तोंड काढते तुझं," ती म्हणाली.

सुनंदा शेजारी येऊन बसली. "काढ. पण त्यावर मायचा हातही काढ. थरथरणारा काढ. तीही भ्यालेली होती, तिला वाईट नको दाखवू."

"मग तोंड दिसणार कसं?"

"नको दिसू देऊ," सुनंदा म्हणाली. आणि ती हळू बोलत नव्हती, आत बाबांना ऐकू जाईल असं बोलत होती. "बोटांच्या फटीतून 'हर ह' एवढं निघालेलं दाखव. तेवढंच निघालं होतं. पण निघालं होतं."